शालिककाकांचा नवा भाव

शालिककाकांच्या पानठेल्यावर सिगारेटचा एकच भाव कधी नव्हता. गिऱ्हाईक समोर आलं की काका आधी त्याचे हात बघायचे, मग विचारायचे, "कब से?" म्हणजे कधीपासून पितोस. उत्तर काहीही येवो, भाव तोवर ठरलेला असायचा. जुन्या पिणाऱ्याला दहा रुपये. पहिल्यांदा नाहीतर दुसऱ्यांदा प्यायला आलेल्या पोराला त्याच सिगारेटचे तीस. याला काका 'नवा भाव' म्हणत.

तो भाव बरोबर होता की चूक, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाकडून कोणी अशा उत्तराची अपेक्षाही करत नाही. पण माझ्या घरातलंच एक पोरगं त्या भावात सापडलं, त्यामुळे विषय सोडून देतो म्हटलं तरी सुटत नाही.

ठेला भिलाईच्या नेहरू नगरला, हायवेवरून आत वळलं की कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आजूबाजूला कोचिंग क्लास, मेस, मोबाइलची दुकानं. काका रोज बोरसीहून सायकलवर यायचे. अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात रेल्वेचे जुने काळे बूट. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी कोणत्या रुळावर जायची, तो दांडा ओढायचं काम त्यांनी दुर्ग लाइनवर आयुष्यभर केलं. वडीलही रेल्वेतलेच, नागपूरकडून आलेले. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून ठेला टाकला. स्वतः मात्र काही खात-पीत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, "मिठाईवाला कोठी मिठाई खाते?"

त्यांचे दोन-तीन प्रकार तर सगळ्या कॉलेजला पाठ होते. लायटर त्यांनी इतक्या आखूड दोरीला बांधलेला की पेटवायची तर मान ठेल्यात खुपसून वाकावं लागे. "एवढा तरी नमस्कार कर," म्हणायचे. सुट्टी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही आणि पाकिटावरचा सडक्या गळ्याचा फोटोही दिसत नाही, म्हणून काकांनी तसा एक फोटो कापून काचेवर आतून चिकटवलेला. पोरांनी त्या फोटोतल्या माणसाचं नाव 'जीजाजी' ठेवलं होतं. येता-जाता "जीजाजी, नमस्ते!" करायची आणि सिगारेट मागायची. काका म्हणायचे, "घ्या, भीती बी नातेवाईक झाली." कोचिंगची बारकी पोरं आली तर मात्र "आधार दाखव" म्हणून परत पाठवायचे. अठराच्या आतल्याला त्यांनी कधी दिली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

मी वाशीमकडचा. भिलाईला आलो तो एका ठेकेदाराच्या शब्दावर. मी स्टेशनवर उतरलो आणि त्याचा फोन बंद झाला. त्यानं सांगितलेला पत्ता नेहरू नगरचा होता, म्हणून तिथं पोचलो आणि दोन दिवस काकांच्या ठेल्यासमोर नुसता उभा राहिलो. हिंदी समजायची, पण तोंडातून निघायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी विचारलं, "कुछ लेना है?" मी घाबरून मराठीत काहीतरी पुटपुटलो.

"मराठी हायेस? मंग कालपासून मुका काऊन उभा हायेस बे?"

एवढ्यावर माझं भिलाईतलं आयुष्य सुरू झालं. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी मला लावून दिलं. चार महिने मी त्यांच्या बोरसीच्या घरी ओसरीत झोपलो. काकूंनी ताटात पोळी वाढताना एकदाही 'किती देऊ' असं विचारलं नाही, नुसती वाढत गेल्या. आठवी शिकलेल्या माणसानं पुढं अख्ख्या इंजिनिअरिंगच्या झेरॉक्स काढल्या, चारही वर्षांच्या. त्यातलं एक अक्षर समजत नसे, पण पान पुसट आलं तर माझाच जीव खालीवर व्हायचा. कोणा पोराचा त्यापायी पेपर जायला नको.

एकदा जेवताना मी काकांना बाबांचं सांगितलं. बाबा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खायचे. शेवटी तोंड दोन बोटांएवढंच उघडायचं, मग तेवढंही नाही. ते गेले, माझी शाळा सुटली, आणि धाकट्या पंकजची सुटू द्यायची नाही असं मी आणि आईनं ठरवलं. काका ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ठेल्यावरचा खर्ऱ्याचा डबा दिसेना. मी विचारलं तर म्हणाले, "जागा लय अडवत होता."

नव्या भावाची मजा मी दुकानातून रोज बघायचो. एखादा पोरगा मित्रांच्या घोळक्यातून पुढं यायचा, आवाज जाड करून म्हणायचा, "चाचा, एक छोटी."

"कब से?"

"दो साल."

"पेन कैसे पकड़ता है, वैसे पकड़ी है तूने. तीस."

"अरे! बाजू में दस की है!"

"तो बाजू में जा."

मित्र हसायचे. पोरगा लाल व्हायचा आणि बरेचदा नुसती बडीशेप घेऊन परत जायचा. काका माझ्याकडे बघून बोट वर करायचे, म्हणजे एक वाचला. बाजूचा ठेला होताच की वीस पावलांवर, पण घोळक्यासमोर एकदा 'नवा' ठरलेला पोरगा त्या दिवशी तिकडे जात नसे. लाज आडवी यायची. काकांचा सगळा हिशोब त्या लाजेवर होता.

दिल्लीत कर वाढला की सिगारेट महाग व्हायची. काका खूश. "दिल्लीवाले मलेच विचारून भाव वाढवतात," म्हणायचे. पण त्याच आठवड्यात ठेल्यावर वेगळंच दिसायचं. आधी तीन पोरं तीन सिगारेटी घेत, आता तीन पोरं एक घेऊन फिरवत. कोणी मोठीवरून छोटीवर यायचा, कोणी बिडी मागायचा. काका मान हलवायचे. "खिसा कमी झाला, धूर कमी नाही झाला," म्हणायचे. पुन्हा स्वतःच म्हणायचे, "पण कोणाचा तरी झाला असंन ना रे? एखाद्याचा?" मी म्हणायचो, असेल. मला काय माहीत!

याच दिवसांत एम.ए.ला असलेली एक मुलगी सर्व्हेचे फॉर्म झेरॉक्स करायला आली. मशीनमधून कागद निघताना मी वाचत होतो. सिगरेट के दाम दुगुने हो जाएँ तो आप क्या करेंगे? छोड़ देंगे, कम करेंगे, कोई फ़र्क़ नहीं. तिथंच ठेल्यावर तिनं ते पोरांना वाटले. पोरं एका हातात सिगारेट धरून दुसऱ्या हातानं 'छोड़ देंगे'वर खूण करत होती. मुलीसमोर आणखी काय करणार? काकांनी एक फॉर्म चष्मा लावून शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मॅडम, इसमें एक खाना कम है."

"कौन सा, अंकल?"

"दोस्त की पिएँगे."

मुलगी हसली, पण तिनं खरंच पेननं तो चौथा रकाना प्रत्येक फॉर्मवर लिहिला. नंतर त्यातच सगळ्यात जास्त खुणा आल्या म्हणे. काका दोन दिवस कुलगुरूसारखे बसले होते.

मग कॉलेजच्या गेटपासून मोजून रस्त्यावर एक पिवळी रेघ मारली गेली. रेघेच्या आत तंबाखू विकायची नाही. रेघ आली ती नेमकी माझ्या दुकानाच्या पायरीसमोर. काकांचा ठेला तीन पावलं आत राहिला. कोणी काही बोलायच्या आधी त्यांनी मला हाक मारली आणि आम्ही दोघांनी ठेला ढकलत रेघेबाहेर नेला, माझ्या दुकानाच्या डावीकडून उजवीकडे. बाजूचा ठेलाही रेघेच्या आतच होता, त्याच्यावर चार दिवस ताडपत्री पडली. पाचव्या दिवशी ताडपत्री निघाली, ठेला जागच्या जागी. मी म्हटलं, "काका, तुमीच काऊन हलले?"

"रेघ हाय ना."

"पण तो नाही हलला."

"त्याले दिसत नसंन. मले दिसते."

पंकज बारावी झाला आणि भिलाईच्या त्याच कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला. मी जवळच कुरुदला दोघांसाठी खोली घेतली. पहिल्या दिवशी त्याला काकांच्या पाया पडवलं. बाजूला घेऊन काकांना म्हटलं, "नजर ठेवजा."

"ठेवतो ना. आला तर त्याले बी नवाच भाव. तुझा भाऊ हाय म्हणून सूट नाही."

आणि तो आलाच. पहिल्या दिवाळीच्या आधी, चार मित्रांबरोबर. मी मशीनमागून बघत होतो, हातातला कागद हातातच राहिला. काकांनी त्याचे हात पाहिले. "तीस," म्हणाले. मित्र खिदळले. पंकज मान खाली घालून निघून गेला. काकांनी माझ्याकडे बोट वर केलं. मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी सगळ्यांच्या झेरॉक्स फुकट काढायचाच बाकी होतो. आईला फोन करून सांगितलं, पोरगा चांगल्या माणसाच्या नजरेखाली आहे.

पुढं काही दिवसांनी पंकजच्या उजव्या हाताची दोन बोटं पिवळी दिसायला लागली. मी विचारलं तर म्हणाला, "हळद आहे दादा. भाजी केली." खोलीत भाजी केलेली असायचीही. मी तेही आईला आनंदानं सांगितलं की तुझा पोरगा स्वयंपाक शिकला. आई म्हणाली, "तू काही शिकला नाही, तो तरी शिकला."

एका रविवारी सकाळी मी दूध घेऊन परत आलो तर पंकज खिडकीशी बसलेला. समोर बाटलीचं झाकण, त्यात कढवलेला काळा चहा आणि हळद. त्यात तो दोन बोटं बुडवून बसला होता. डोळे मोबाइलमध्ये.

"हे काय करून राहिला?"

तो इतका दचकला की झाकण सांडलं.

"दादा, ओरडू नको. सब करते हैं."

"काय करतात सब?"

मग हळूहळू निघालं. काका बोटं बघतात हे पोरांना कळलं होतं. पिवळी बोटं म्हणजे जुना पिणारा, म्हणजे जुना भाव. होस्टेलचे सीनियर नव्या पोरांना तयार करत. बोटं कशी रंगवायची, सिगारेट बोटांच्या मुळाशी कशी धरायची, पहिला झुरका खोकला न येता कसा आत घ्यायचा. काका पेटवल्यावर दोन क्षण तोंडाकडे बघतात, तिथं खोकला की संपलं. जो चाचाकडून दहात आणून दाखवेल, तो सीनियरमध्ये बसेल.

"चाचाचा नवा भाव परवडत नाही ना," पंकज म्हणाला.

"मंग पिऊ नको!"

"पीत कोण होतं दादा? आधी तर मी पीतच नव्हतो. नुसतं पास होऊन दाखवायचं होतं."

"आणि झाला पास?"

"झालो. दुसऱ्या वेळी."

"आता?"

तो फरशीवरची हळद पायानं पुसत राहिला. मग म्हणाला, "आता लागते."

मी त्याला मारलं नाही. हात उचलला होता, पण त्याची मान बाबांसारखी खाली गेलेली दिसली आणि हात तसाच राहिला. तसाच ठेल्यावर गेलो. काका पानं पुसत होते.

"काका, पोट्टे शिकून येऊन राहिले."

"काय शिकून?"

"जुनं दिसायचं."

मी सगळं सांगितलं. काकांनी ओलं फडकं पिळलं, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"पंकजले मी जुना भाव लावला," ते म्हणाले. "महिना झाला. तू जेवाले गेला की येते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुमाले माहीत होतं?"

"मले वाटलं, कोठी तरी दुसरीकडं पिऊन पोरगा जुना झाला. बोटं पिवळी, खोकला नाही. हातून गेला, असं वाटलं. तुले कोणत्या तोंडानं सांगू? मीच तर म्हटलं होतं, नजर ठेवतो."

"मंग दिली काऊन? नाही म्हणायचं होतं!"

"माझा नेमच तसा होता ना बाबू. जुन्याले जुना भाव."

काका स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं, त्यांनी बघितलं नाही. मग माझ्याकडे वर बघून अगदी लहान आवाजात म्हणाले, "म्हंजे मी परीक्षा घेऊन राहिलो होतो, आणि ते अभ्यास."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच माणसाच्या ओसरीत मी झोपलो होतो, त्याच्याच घरची पोळी खाल्ली होती. राग आणि उपकार एकाच माणसावर कसे धरायचे हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी जाऊन दुकान उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी कॉलेजच्या पोरांना सिगारेट देणंच बंद केलं. नवा भाव नाही आणि जुनाही नाही. पोरांनी दोन दिवस थट्टा केली, "चाचा, पीएच.डी. वाले को तो दोगे?" मग सगळी रेघेच्या आतल्या ठेल्यावर जायला लागली. तिथं कोणी काही विचारत नसे. दहाला दहा. आणि ज्यांना काकांनी पूर्वी लाजवून परत पाठवलं असतं, ती नवी पोरंही तिकडेच जात होती, हे मला माझ्या जागेवरून सरळ दिसत होतं. काकांनाही दिसत होतं.

एका दुपारी ते दुकानात आले. झेरॉक्स वगैरे काही नव्हतं. टेबलाला टेकून उभे राहिले.

"विलास, तू सांग. मी विकू का नको?"

"मले काय कळते काका?"

"मले बी नाही कळत, म्हणूनच विचारून राहिलो. महाग विकली तं अभ्यास करतात. सस्ती विकली तं पितात. नाही विकली तं तिकडं जातात. रेघ मारली तं रेघ ओलांडतात. मंग करावं काय?"

मला आयुष्यात कोणी इतका मोठा प्रश्न विचारला नव्हता. जे मनात होतं तेच निघालं, "काका, मले बाकीच्याईचं नाही माहीत. माझा पंकज सुटला पाहिजे. बाबांसारखं पुन्हा नाही पाहवत."

"बरं," काका म्हणाले आणि गेले.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते मला आजही नीट समजत नाही. कॉलेजची मधली सुट्टी व्हायची, पंकज मित्रांबरोबर बाजूच्या ठेल्यावर यायचा. काका आपला ठेला तसाच उघडा टाकून, बूट वाजवत, रेघ ओलांडून तिकडे जायचे आणि पंकजच्या शेजारी उभे राहायचे. घेत काही नसत आणि बोलतही नसत. हात मागे बांधून, फलाटावर गाडीची वाट बघावी तसे. पंकजची सिगारेट संपेपर्यंत. संपली की परत.

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ठेलेवाला म्हणाला, "चाचा, जासूसी करने आए हो क्या?" काकांनी मान हलवली, नाही. तिसऱ्या आठवड्यात पंकज माझ्याकडे आला, कान लाल.

"दादा, चाचाले सांग ना, उभा नको राहू."

"काही बोलते का तो?"

"नाही ना! बोलला असता तर भांडलो असतो."

"मंग उभा राहू दे."

"मित्र मला 'चाचा का पोता' म्हणतात."

मी हसलो नाही. काकांना काही सांगितलंही नाही. उन्हाळा आला, काका डोक्यावर ओला रुमाल टाकून जायला लागले. एकदा त्यांना चक्कर आल्यासारखं झालं. ते जवळच्या खांबाला टेकले आणि पंकजनं अर्धी सिगारेट टाकून त्यांना धरून आणलं. त्या दिवशी त्यानं पुन्हा पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी पेटवली. मग कधी दोन दिवसांनी दिसायचा, कधी आठवडाभर नाही. शेवटच्या वर्षी तो त्या ठेल्यावर दिसेनासा झाला. त्यानं सोडली, की कॉलेजच्या मागच्या बाजूला जायला लागला, की त्या वर्षी पुन्हा वाढलेल्या भावानं खिसा आटला, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणतो, "सोडली दादा." बोटं स्वच्छ असतात. पण बोटांवर विश्वास ठेवायचा का, हे मी आता कोणाला विचारू?

पंकज पास झाला. त्याला रायपूरला नोकरी लागली. आम्ही पेढे घेऊन काकांकडे गेलो. काकूंनी त्याला ओवाळलं. काकांनी पेढा अर्धा केला, अर्धा त्याच्या तोंडासमोर धरला, त्याचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत हात तसाच ठेवला आणि मग आत घातला. पुढल्या आठवड्यात ठेला विकून ते दोघं गोंदियाला मुलीकडे जाणार होते. काकूंचे गुडघे गेले होते.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मशीनमध्ये कागद अडकला होता. मी तो काढून वर पाहिलं तर काकांचा ठेला उघडा आणि ते जागेवर नाहीत. पंकज तर रायपूरला होता. मी पायरीवर आलो. काका रेघेच्या आत उभे होते, हात मागे बांधून, एका पोराच्या शेजारी. पोरगा मी कधी पाहिला नव्हता. पहिल्या वर्षाचा असावा, दप्तरसुद्धा नवं. त्यानं सिगारेट पेटवली होती आणि या म्हाताऱ्याकडे तो गोंधळून बघत होता.

"चाचा, कुछ चाहिए?"

"नहीं," काका म्हणाले. "तू पी ले. मैं खड़ा हूँ."